झाड क्रमांक सत्तावीस

सान एलादियो गावच्या नियोजन आराखड्यात एक वाक्य एवेलिओ उमान्यांचं आहे. कलम चौदा, पहिली ओळ: ‘या गावाची सावली आज आहे त्याहून कधीही कमी होणार नाही.’ बाकीचा आराखडा तीनशे बारा पानांचा आहे, राजधानीच्या सल्लागारांनी लिहिलेला आहे, आणि तो कोणी वाचलेला नाही. हे वाक्य मात्र गावाला पाठ आहे, कारण एवेलिओंनी ते गावाकडून पाठ करून घेतलं आहे.

नऊ वर्षांपूर्वी जाहीर सुनावणी झाली तेव्हा सल्लागारांनी भिंतीवर रंगीत चौकोन दाखवले, हरित आच्छादनाचे निर्देशांक समजावले, आणि सभागृह पेंगायला लागलं. तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले पोस्टमास्तर उमान्या उठले, छत्री जमिनीवर आपटली आणि हे वाक्य बोलले. मग टाळ्या. पाद्रीबाबांनीसुद्धा वाजवल्या, आणि ते सहसा आपल्याच प्रवचनापलीकडे कशाला दाद देत नाहीत. निदियाने, म्हणजे एवेलिओंच्या बायकोने, ते पान चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलं. येशूच्या तसबिरीच्या किंचित खाली. अगदी किंचितच.

वाक्यामागून अंमलबजावणी आली, तशी ती येतेच. गावातल्या सत्तावीस मोठ्या झाडांची यादी झाली, प्रत्येक झाडाला क्रमांक मिळाला, क्रमांकाभोवती पंचवीस मीटरचं वर्तुळ आखलं गेलं, आणि त्या वर्तुळात एक वीटही ठेवायची नाही असं ठरलं. दरवर्षी गावदेवाच्या जत्रेला, भर दुपारी बारा वाजता, नगरपालिकेची माणसं सावली मोजू लागली. ही पुढची पानं एवेलिओंनी वाचली नव्हती. ज्याने स्वप्न बघायचं त्यानेच खुंट्या ठोकत बसायचं, हे त्यांना पटत नसे.

आणि त्यांना गरजही काय होती? एकतीस वर्षं पोस्ट सांभाळलं आणि एक पत्र चुकीच्या दारी गेलं नाही. ज्या गावात घरांना नंबर नाहीत तिथे हे साधं काम नव्हे. सान एलादियोत पत्ता म्हणजे वाट असते. चर्चपासून इतकं, निळ्या टाकीपासून तितकं (टाकी आता हिरवी आहे, पण निळी टाकी म्हटल्यावर सगळे तिच्याचकडे बघतात), आणि अर्धंअधिक गाव जुन्या सेनीसारोपासून. सेनीसारो म्हणजे छत्रीसारखा पसरलेला अवाढव्य वृक्ष. त्याच्याखाली लग्नं जमली, मोडली, पुन्हा जमली. सूर्य कलला की तो पानं मिटून घ्यायचा, आणि मग आया पोरांना हाका मारायच्या. एक्केचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारच्या वादळात तो पडला. झाड गेलं, पण पत्ता राहिला. आजही लग्नपत्रिकेत छापतात: जुन्या सेनीसारोपासून दोनशे मीटर दक्षिणेला, उजव्या हाताला, कुत्रा चावत नाही.

तर या एवेलिओंना एक खोली बांधायची होती. एवढंच.

खोली एर्मेलिंदा मावशींसाठी होती. आई गेल्यावर एवेलिओंना याच मावशींनी वाढवलं. टेलिफोन खात्यात नोकरी करून, अख्ख्या जिल्ह्याची बोलणी दोन कानांनी जोडत जोडत. आता त्या चौऱ्याऐंशीच्या. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून राजधानीत भाचीकडे, तिसऱ्या मजल्यावर अडकल्या होत्या.

“इथून नुसतं आभाळ दिसतं,” त्या फोनवर म्हणाल्या. “आभाळ मला लवकरच जवळून बघायचंय. तोवर माणसांचे पाय दिसू दे. जत्रेपर्यंत खोली झाली तर येते तुझ्याकडे. नाही झाली तर सिस्टरांच्या आश्रमात जागा धरून ठेवलीय, तिकडे जाते. पेटी भरलेली आहे.”

नोव्हेंबर चालू होता. जत्रा फेब्रुवारीत. मागच्या अंगणात चार भिंती आणि एक पत्रा, मध्ये तीन महिने. एवेलिओ निदियाला म्हणाले, “परवानगी काय, उभ्या उभ्या मिळेल. कलम चौदा कोणाचं आहे?”

“तुमचं,” निदिया म्हणाली. “तरी छत्री इथेच ठेवून जा.”

नगरपालिकेत पर्यावरणाच्या टेबलाशी इंजिनियर योर्लेनी बसते. वय सव्वीस, आवाज मऊ, नियम पाठ. तिने पडद्यावर एवेलिओंचं अंगण उघडलं. बरोबर मधोमध हिरवा ठिपका होता.

“पोस्टमास्तर, इथे बांधता येणार नाही. इथे झाड आहे.”

“कुठे?”

“तुमच्या अंगणात. क्रमांक सत्तावीस. सेनीसारो.”

“माझ्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आहे, बाई. आणि एक कोंबडी. सेनीसारो तिकडे कोपऱ्यावर होता. तू जन्मायच्या आधी पडला.”

योर्लेनीने पडद्याकडे पाहिलं, मग एवेलिओंकडे. दोघांपैकी कोण जास्त विश्वासू ते तिने ठरवलं. “नोंदीत आहे म्हणजे असणार. आणि नसेल तर…” तिचा आवाज आणखी मऊ झाला, “…तर ते तोडलं कोणी?”

आणि त्याच सकाळी कलम चौदाच्या जनकावर कलम चौदाखाली फाइल उघडली गेली.

बातमी एवेलिओंच्या आधी घरी पोचली. सोराइदाबाईंच्या किराणा दुकानापुढे शेजार जमला. शेजारचा गामालिएल हा निवृत्त बसड्रायव्हर, त्यामुळे प्रत्येक विषयात त्याला वाट माहीत असते.

“सोपं आहे, पोस्टमास्तर. झाड विक्रीला काढलंय म्हणून पाटी लावा. कोणी घ्यायला येणार नाही. आपोआप सिद्ध झालं!”

“तामाले पाठवा त्या पोरीला,” सोराइदाबाई म्हणाल्या. “डुकराचं मांस भरून केळीच्या पानात उकडलेले. माझ्या भाच्याच्या गटाराला परवानगी दोन डझनांत मिळाली.”

“पोस्टमास्तरांनी आयुष्यात कोणाला तामाले दिलेले नाहीत,” एवेलिओ ताठ मानेने म्हणाले.

“माहितीय,” सोराइदाबाई म्हणाल्या. “नाताळात आम्ही वाट बघतो.”

ही सहानुभूती आठवडाभर टिकली. मग गामालिएल गॅरेजचं छप्पर दुरुस्त करायची परवानगी मागायला गेला आणि लाल तोंडाने परत आला. वर्तुळ पंचवीस मीटरचं. ते कुंपण बघत नाही. “पोस्टमास्तर, तुमचं नसलेलं झाड माझ्या गॅरेजात शिरलंय. आवरा त्याला.”

शेवटी योर्लेनीनेच तोडगा सुचवला: वनअधिकाऱ्याचा दाखला. वनअधिकारी आले, दोरीखाली उभे राहिले, कोंबडीकडे बघून मान हलवली. झाड नाही हे त्यांना मान्य होतं, पण झाड नसल्याचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता. होता तो झाडाच्या तब्येतीचा. त्यांनी प्रामाणिकपणे भरला. उंची: शून्य. घेर: शून्य. रोग: आढळला नाही. तो फॉर्म संगणकात गेला आणि संगणकाने आपल्या परीने अर्थ लावला: निरोगी झाड, जमिनीलगत कापलेलं. फाइलीवर लाल शिक्का आला.

एवेलिओ त्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्या चढले ते छत्री घेऊन.

“ही यादी कोणत्या गाढवाने केली? मला त्याचं नाव हवंय. माझ्या वाक्याचं या माणसाने वाटोळं केलंय.”

योर्लेनीने कपाटातून एक फाइल काढली. “मी तेव्हा नव्हते. पण आधार इथे जोडलेला आहे. पडलेल्या झाडांचं काही लिहिलेलं नाही, म्हणून सगळी उभी धरली. अंतरं मात्र मीटरमध्ये होती, म्हणून काम सोपं झालं म्हणतात. संगणकाने सरळ मोजून ठिपके दिले.”

फाइलीत एका वहीच्या प्रती होत्या. वळणदार अक्षर, लाल शाईच्या रेघा, पहिल्या पानावर पोस्टाचा शिक्का. ‘सान एलादियो गावातील खुणांची नोंदवही. सप्रेम भेट: एवेलिओ उमान्या.’ आणि सातव्या पानावर: ‘चर्चच्या दारापासून जुना सेनीसारो, तीनशे मीटर पूर्वेला.’

एवेलिओंनी ते पान दोनदा वाचलं. मग फाइल हळूच मिटली, जसं झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावावं.

कारण त्यांना त्या क्षणी सगळं कळलं होतं. सान एलादियोत एका गल्लीला शंभर मीटर म्हणतात. ती गल्ली खरी शंभर भरते की ऐंशी, हे कोणी कधी विचारलेलं नाही. आजा म्हणायचा, बाप म्हणायचा, पोस्टमास्तरही म्हणायचे. चर्चपासून झाडापर्यंत तीन गल्ल्या, म्हणून तीनशे. संगणक बिचारा परगावचा. तो खरे तीनशे मीटर चालला, कोपरा ओलांडून पुढे आला आणि थेट उमान्यांच्या कपड्यांच्या दोरीखाली जाऊन थांबला.

सांगायचं होतं एकच वाक्य: माझ्या वहीतला मीटर खरा मीटर नाही. पण एकतीस वर्षांत ज्याचं एक पत्र चुकलं नाही, त्याने आपलंच अख्खं गाव चुकलंय असं कसं सांगायचं? एवेलिओ म्हणाले, “अक्षर चांगलं आहे,” आणि घरी आले.

निदियाने कॉफी गाळून समोर ठेवली. ती निवली. “कोण निघालं मग गाढव?” तिने विचारलं.

“चौकशी चालू आहे.”

त्याच आठवड्यात नगरसेवक बाल्तोदानो घरी आले. वकील माणूस, कोपऱ्यावरच कचेरी, हसताना सगळे दात दाखवणारा. त्यांनी चौकटीतलं पान मान वर करून वाचलं, हात छातीवर ठेवला.

“सुंदर. कविता आहे. पण पोस्टमास्तर, कायद्यात कविता चालत नाही, हे आता तुमच्याइतकं कोणाला कळणार? येत्या बैठकीत मी कलम चौदा रद्द करायचा ठराव आणतोय. खुद्द कर्त्याने सही केली तर पाच मिनिटांत मंजूर. फाइल बंद. दुसऱ्या दिवशी तुमच्या खोलीचा पाया खणा.”

“आणि बाकीची सव्वीस झाडं?”

“झाडं काय, झाडं आहेतच.”

नदीकाठची बारा आंब्याची झाडं बाल्तोदानोंच्या एका अशिलाला गाड्या लावण्यासाठी हवी होती, म्हणजे नको होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठरावाचा कागद सहीविना टेबलावर राहिला.

संध्याकाळी मावशींचा फोन. एवेलिओंनी सगळं सांगितलं. ठिपका, शून्य उंची, बाल्तोदानो. एक गोष्ट सोडून.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग: “एवेलिओ, चाळीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडलीत. माणूस काय दडवतोय ते मला त्याच्या श्वासावरून कळतं. चर्चपासून झाड किती लांब लिहिलं होतंस?”

“तीनशे मीटर.”

“पावलं मोजली होतीस की गल्ल्या?”

“हॅलो? मावशी? आवाज येत नाहीये. लाइन गेली बहुतेक.”

“लाइन गेल्याचं कोणाला सांगतोयस?” मावशी म्हणाल्या. “ऐक. त्या झाडाखाली मी तुला पाळण्यात झोपवत होते. पानं मिटली की तू मिटायचास. सही करायची तर खुशाल कर, पण तसल्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही. मी सिस्टरांकडे जाते. तिथे निदान सगळ्यांना आपापली पापं कबूल करता येतात.”

आणि लाइन खरोखरच गेली. मावशींनी फोन ठेवला होता.

बैठकीला सभागृह भरलं. नऊ वर्षांपूर्वी इतकं नव्हतं. पण तेव्हा कोणाचं गॅरेज अडकलेलं नव्हतं. बाल्तोदानोंनी ठराव वाचला आणि पेन पुढे केलं. एवेलिओ उठले. निदिया पहिल्या रांगेत बसली होती. येताना तिने न विचारता छत्री त्यांच्या हातात दिली होती.

एवेलिओंनी पेन घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं. मग छत्री जमिनीवर आपटली.

“मंडळी, वाक्य बरोबर आहे. वही चूक आहे. वही माझी आहे.”

कोणाला काही कळेना.

“आपला शंभर मीटर शंभर नाही,” एवेलिओ ताठ मानेने म्हणाले. “मी एकतीस वर्षं गल्ल्या मोजल्या आणि मीटर लिहिले. या मुलीच्या संगणकाने माझ्यावर विश्वास ठेवला. गावात पहिल्यांदाच कोणीतरी माझा शब्द शब्दशः घेतला, आणि तो चुकला. झाड माझ्या अंगणात कधी नव्हतं. कोपऱ्यावर होतं. गाढवाचं नाव मी मागितलं होतं. मिळालं.”

मग मागून सोराइदाबाई म्हणाल्या, “म्हणजे माझ्या दुकानापासून स्टँड दोनशे मीटर नाही? आणि मी पाय दुखतात म्हणून डॉक्टरकडे गेले!”

सभागृह फुटलं. बाल्तोदानो ओरडत होते की हा पुरावा होत नाही. योर्लेनी उभी राहिली. “पुरावा मोजता येईल,” ती मऊ आवाजात म्हणाली. “टेप आहे का कोणाकडे?”

गामालिएलकडे टेप असणारच. गॅरेज त्याचं अडकलं होतं.

मग सान एलादियोने पूर्वी कधी पाहिली नव्हती अशी मिरवणूक निघाली. चर्चच्या दारात टेपचं टोक पाद्रीबाबांनी धरलं. पुढे योर्लेनी, मागे नगराध्यक्ष, त्यामागे अख्खी सभा. जत्रेच्या सरावाला आलेला बँड ओळ दिसली म्हणून सवयीने मागे लागला आणि वाजवू लागला. टेप पन्नासच मीटरचा, त्यामुळे दर पन्नास मीटरला मिरवणूक थांबे, पाद्रीबाबा धापा टाकत पुढे येत, आणि बँड तेवढ्यात एक कडवं संपवी. पहिली गल्ली: त्र्याऐंशी मीटर. लोक हळहळले, कोणीतरी दर गल्लीमागे सतरा मीटर खाल्ल्यासारखे. दुसरी: चौऱ्याऐंशी. तिसऱ्या गल्लीच्या शेवटी, कोपऱ्यावर, एकूण दोनशे एक्कावन्न मीटरवर योर्लेनी ठेचकाळली.

तिथे फरसबंदी फुगलेली आहे. एक्केचाळीस वर्षं प्रत्येकजण तिथे ठेचकाळतो आणि नगरपालिकेला शिव्या घालतो. गामालिएलने पहारीने एक फरशी उचकटली. खाली मांडीएवढं मूळ होतं, वाळलेलं, राखाडी, अजून मातीला धरून.

सगळे टोप्या काढून उभे राहिले. बँडसुद्धा थांबला. नगराध्यक्ष तेवढे खुशीत दिसले. इतक्या वर्षांच्या शिव्यांना आज मालक मिळाला होता.

योर्लेनी उकिडवी बसली. “जागा दुरुस्त होईल. तोडल्याची फाइल बंद. आता एकच राहिलं, पोस्टमास्तर. झाड पडलेलं होतं, तेव्हा सत्तावीस क्रमांक खोडायचा. नाहीतर इथे झाड असायला हवं.”

“खोडा, खोडा,” गामालिएल म्हणाला.

एवेलिओ त्या मुळाकडे बघत होते. “खोडायचं नाही,” ते म्हणाले. “कमी होणार नाही म्हणजे यादीसुद्धा.”

पुढच्या रविवारी रोप लावलं. नदीपलीकडच्या सेनीसारोच्या शेंगेतून उगवलेलं, वीतभर. पंचवीस मीटरचं नवं वर्तुळ आखलं गेलं. त्यात बसथांबा आला, दोन दिवे आले, आणि बाल्तोदानोंच्या कचेरीचा तो भाग आला ज्यावर त्यांना मजला चढवायचा होता. गामालिएलचं गॅरेज सुटलं. पण मन रमलं होतं म्हणून रोपाला पाणी घालायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, आणि कुंपण असं मजबूत घातलं की बस धडकली तर बस मोडावी. ठराव मात्र एका मताने पडला. आंबे उभे राहिले. नाताळात सोराइदाबाईंच्या दारात तामाल्यांचं ताट आलं, पोस्टमास्तरांकडून. त्यांनी ते दोनदा चहूबाजूंनी फिरवून पाहिलं, पत्ता चुकला असेल म्हणून.

खोलीला आठ आठवडे लागले. खिडकी मागच्या रस्त्याकडे ठेवली, कमी उंचीवर, पाय दिसतील अशी.

जत्रेच्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. एर्मेलिंदा मावशी काठी टेकत उतरल्या, खोली बघायला गेल्या नाहीत, सरळ कोपऱ्यावर निघाल्या. मागे एवेलिओ, निदिया, पेटी.

“हा?” मावशी रोपाकडे बघून म्हणाल्या. ते आता गुडघ्याला लागत होतं.

“हाच. क्रमांक सत्तावीस.”

“अशक्त आहे. तूही असाच होतास.”

बारा वाजले. योर्लेनी वही आणि पट्टी घेऊन आली. नगरपालिकेची बाकीची माणसं आंबे, चिंचा, चर्चपुढचा वड असं सगळं मोजायला पांगली होती. रोपाशी ती थांबली. भर दुपारची, पायाशी गोळा झालेली सावली. पट्टी लावावी अशी सरळ कडसुद्धा तिला नव्हती.

“हे कसं मोजायचं?” ती पुटपुटली.

मावशींनी काठी एवेलिओंच्या हातात दिली, सपात काढली आणि आपलं सुरकुतलेलं उजवं पाऊल हळूच त्या रोपाखाली ठेवलं. बोटांपासून टाचेपर्यंत ते सावलीत मावलं. अंगठा तेवढा उन्हात राहिला. त्यांनी तो आत ओढून घेतला.

“लिही,” त्या म्हणाल्या. “गार लागतंय.”

योर्लेनीने वही उघडली. त्या वर्षीच्या अहवालात, कलम चौदाच्या रकान्यात, नगरपालिकेच्या शिक्क्यानिशी नोंद आहे: ‘गावाची सावली: कमी झालेली नाही. वाढ: एक पाऊल.’

त्या पानाची प्रत निदियाने चौकटीत बसवली. पहिल्या चौकटीच्या शेजारी. येशूची तसबीर जरा बाजूला सरकवावी लागली.